टक्केवारीच्या पलीकडे

खासदाराने किती टक्के वेळा पक्षासोबत मत दिलं, याचं गणित मांडणारा एक लेख वाचला. पण आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोण 'होय' म्हणालं, कोण गप्प बसलं, याची नोंदच राहत नाही. नावं हवी असतील तर कुणीतरी मतविभागणी मागावी लागते. त्यातही व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षादेश) असला की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, विरोधी मतच काय, तटस्थ राहणंही महागात पडतं. आधी परवानगी हवी, नाहीतर पक्षाने १५ दिवसांत माफ करायला हवं. (तब्येती नेमक्या त्याच दिवशी बिघडतात!)

राज्यसभा निवडणुकीत मात्र बंडखोरी उघडी पडते. आमदार मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकतो; दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवली तर मत बाद. क्रॉस व्होटिंग केलं, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिलं, म्हणून आमदारकी जात नाही, फार तर पक्ष हकालपट्टी करतो.