चालू गोळी स्वतःहून बंद करू नका
गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका असं या लेखात लिहिलंय ते बरोबरच, पण आधीपासून चालू असलेली गोळी मनानेच बंदही करू नका ना. माझ्या बहिणीने टेस्ट पॉझिटिव्ह आल्याआल्या घाबरून थायरॉईडची गोळी सोडली, बाळाला त्रास नको म्हणून, पाकीट तसंच ड्रॉवरमध्ये पडलेलं आणि पुढच्या रक्ततपासणीत टीएसएच (हा वाढला की थायरॉईडचा हार्मोन कमी पडतोय असं समजतात) वाढलेला. डॉक्टरांनी उलट डोस वाढवला, कारण पहिले काही महिने बाळाला आईचाच हार्मोन पुरवावा लागतो. फिट्सच्या गोळ्यांचंही तेच, बदलायच्या तर डॉक्टरच बदलतील. आणि कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी नकोच, २० आठवड्यांनंतर तर बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांतही आयबुप्रोफेन असतं, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा प्लीज.