छप्पर कोणी घातलं, तेही सांगा

फॅमिली ग्रुपवर आज परत तो फॉरवर्ड आला. ‘मुंबईच्या एका पारशाने स्वतःच्या पैशातून हाँगकाँगचं विद्यापीठ उभं केलं. सरकारपुढे हात पसरले नाहीत. आपल्या विद्यापीठांनी काहीतरी शिकावं.’ खाली नमस्कारांची रांग. दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही बसवत.

सर हॉर्मसजी नवरोजी मोदी आपल्या मुंबईचे. अभिमान मलाही आहे. मेन बिल्डिंग त्यांच्या देणगीतून झाली. १९१२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, ते बघायला ते राहिले नाहीत. पण जागा सरकारने दिली होती, हे फॉरवर्डमध्ये का नाही? आणि इमारत झाल्यावर ती चालवायला पैसे कायम अपुरे पडत राहिले, हे? देणगीदार इमारत देतो, तिच्यावर नाव लागतं. प्राध्यापकाच्या पगारावर कोणाचं नाव लावणार?

हाँगकाँगला राहत होते तेव्हा आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मला ती इमारत हौसेने दाखवली. मोठ्या हॉलमध्ये उभे राहिले, वर बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘मी शिकायला आलो तेव्हा इथे आभाळ दिसायचं.’

१९४१ च्या नाताळात ब्रिटिशांच्या ताब्यातलं हाँगकाँग जपान्यांच्या हाती गेलं. कुलगुरू डंकन स्लॉस स्टॅन्लेच्या छावणीत कैदेत होते. इमारतीची दारं, खिडक्या, छपराचे वासे, सगळं लाकूड सरपणासाठी गेलं. ज्यांच्या घरात चूल पेटत नव्हती त्यांना मी नावं ठेवणार नाही.

मग युद्ध संपलं. आता छप्पर कोणी घालायचं? मोदींना जाऊन पस्तीस वर्षं होत आलेली! १९४६ मध्ये खुद्द ब्रिटनमध्ये पावावर रेशन आलं होतं. लंडनमध्ये तर हे विद्यापीठ पुन्हा उघडावं की नाही, इथूनच खल. शेजारी चीनमध्ये यादवी पेटलेली. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले आणि पुढे हाँगकाँग सरकारने आणि लंडननेही पैसे काढले. साम्राज्याची पत राखायची होती, हा स्वार्थ होताच, मान्य. पैसे सहज सुटले असंही नाही. पण सुटले ते सरकारी तिजोरीतूनच.

शेजारच्या त्या सरांनी मोदींचं नाव आदराने घेतलं. मात्र बोलत राहिले ते शिकवणाऱ्यांबद्दल. छावणीतून हाडांचे सापळे होऊन सुटलेली माणसं परत येऊन फळ्यापुढे उभी राहिली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. ‘वर छप्पर नव्हतं, पण समोर शिक्षक होते,’ म्हणाले. मला ते अजून ऐकू येतं.

आपल्याकडे छप्पर आहे, शिक्षक नाहीत. आणि इथे कुठलं युद्धही झालेलं नाही. विद्यापीठांमध्ये प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, भरती अडकलेली, आणि पीएचडी झालेली मुलं तासिका तत्त्वावर राबतात. त्यांच्यासाठी कोणता दानशूर येणार आहे? हे सरकारचं काम आहे. मागायला लाज कसली? कर आपणच भरतो ना?

ग्रुपवरच्या काका-मामांनो, आपली भाची अशीच तासिकांवर शिकवते. मानधन कित्येक महिने थकलंय तिचं. ती त्याच ग्रुपवर आहे. तिलाही तुमचा फॉरवर्ड आलाय. आज रात्री तिला फोन करा आणि विचारा, घरभाडं कसं भरतेस म्हणून.