‘बाल्कनीतल्या सुतारा’चं उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

सॅण्डिंग मशीन (लाकूड घासून गुळगुळीत करायचं यंत्र) वापरताना घ्यायची काळजी, या माझ्या गेल्या लेखावर तुमची अकरा ओळींची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून तिचा सारांश इथेच देतो. हातमोजे घालू नका हा सल्ला बेजबाबदार आहे. नाकाला रुमाल चालतो हे धडधडीत चूक आहे. जुना रंग घासताना शिशाचा धोका सांगितलेला नाही. मशीनला लावलेल्या भुशाच्या थैलीबद्दल अवाक्षर नाही. फोटोत माझाच गॉगल कपाळावर आहे. आणि समारोपाला: "बाल्कनीत दोन पाट घासून जगाला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी एक दिवस कारखान्यात उभं राहून दाखवावं."

हे शेवटचं वाक्य गाळलं असतंत तर तुमचा एक तरी मुद्दा कमी झाला असता का? नसता. मग ते कशासाठी होतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. चूक दाखवायला कुणाचीच ना नाही. या ब्लॉगवर नऊ वर्षांत लोकांनी माझ्या कितीतरी चुका काढल्या, मी त्या सुधारल्या. पण चूक दाखवणं वेगळं आणि चारचौघांत टोपी उडवणं वेगळं.

गॉगलचं मान्य. फोटो मुलीने काढला, चेहरा दिसावा म्हणून मी तो वर सरकवला. मशीन बंद होतं, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? फोटो बदलला आहे.

आता बाल्कनी. आहे, सहा बाय चारची आहे, आणि मला तिची लाज नाही. पण माझं सुतारकाम तिथे जन्मलेलं नाही. कुडाळला आमच्या घराच्या पडवीत बाबांचं दुकान होतं. फणस, शिवण, कधी गिऱ्हाईक बरं असलं तर साग. रंध्यातून निघणाऱ्या सुरळ्या गोळा करून चुलीपाशी नेणं हे माझं शाळेआधीचं काम. पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून नसांच्या दिशेनेच घासायचा, आडवा घासला की टपली, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. तेव्हा ‘शहाणपण’ कुठून आलं याची चौकशी जरा जपून करावी.

आणि हातमोजे. १९९१ साली बाबांनी बारा इंची चकतीचं सॅण्डर घेतलं, म्हणजे टेबलाच्या कडेशी उभी फिरणारी, पॉलिश पेपर लावलेली चकती. कामाला एक मुलगा होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याच्या हातात सुताचे विणलेले पांढरे हातमोजे असत, उजव्या तर्जनीच्या टोकाशी वीण उसवलेली. पाटाचा कोपरा गोल करताना तो लोंबणारा धागा चकतीला लागला. मी समोर उभा होतो. मोटरचा आवाजसुद्धा बदलला नाही. हातमोजा आत गेला, त्याच्यामागून बोट, चकती आणि टेबलामधल्या फटीत. नख गेलं, अर्धं पेर गेलं. हिशोब करून बघा: बारा इंची चकती मिनिटाला १४४० फेरे फिरली तर तिची कड ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर धावते. उघड्या बोटाला ती लागली तर कातडं सोलतं आणि माणूस हात मागे घेतो. हातमोजा अडकला की हात मागे घेणं तुमच्या हातात राहत नाही.

त्या दिवसानंतर बाबांनी दोन गोष्टी केल्या. टेबल चकतीकडे इतकं सरकवलं की फट जेमतेम दोन मिलिमीटरची राहिली. आणि चकतीच्या ज्या बाजूला कडा वर येते तिथे खडूने फुली मारली. काम खाली जाणाऱ्या बाजूलाच करायचं, म्हणजे लाकूड टेबलावर दाबलं जातं. वर येणारी बाजू ते उचलून तोंडावर फेकते. हे दोन्ही माझ्या लेखात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का?

शिवाय मी लिहिलं होतं, "फिरत्या चकतीजवळ आणि बेल्टजवळ सैल हातमोजे नकोत." तुम्ही ‘सैल’ही खाल्लंत आणि ‘फिरत्या’ही. ठोकळे वाहताना, प्लाय उचलताना मीही हातमोजे घालतो. हातात धरायच्या ऑर्बिटल सॅण्डरवर तास-तास काम असेल तर कंपनांनी बोटं बधिर होतात; तिथे हाताला घट्ट बसणारे घातलेत तर माझं काही म्हणणं नाही. मथळ्यात मात्र ‘हातमोजे नकोत’ एवढंच होतं, हे खरं. मथळ्यात सगळं मावत नाही, साहेब.

उरलेलं. २०१७च्या आधीच्या घरगुती रंगात शिसं असू शकतं, ते मशीनने कोरडं घासू नये, बरोबर आहे. पण माझा लेख नव्या लाकडावर होता. थैली अर्धी भरली की रिकामी करावी, आणि पॉलिशवरचा भुसा तर रात्रभर आत ठेवूच नये, आपोआप तापून पेट घेतो, हे सुताराला सांगावं लागत नाही. लाकडाची धूळ १९९५पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, आहे आणि नाकाचा कर्करोग होतो, हे तुम्ही दोनदा लिहिलंत. गूगल माझ्याकडेही आहे.

बाबांनी चाळीस वर्षं नाकाला पंचाच बांधला. संध्याकाळी तो झटकला की पडवीत पिवळा ढग उठायचा. नाक शिंकरलं की पिवळंच. शेवटची सात-आठ वर्षं खोकला होता, रात्री उठून बसायचे, पण एक्क्याऐंशी वर्षं जगले, आणि त्या वयात खोकला कुणाला नसतो? तरी कापडातून बारीक धूळ आरपार जाते, हे मान्य. ते वाक्य काढून ‘एन-९५, नाकाची पट्टी दाबून, दाढीवर नाही’ असं केलं आहे. एका ओळीचं काम होतं. त्यासाठी कुणाची बाल्कनी काढायची गरज नव्हती.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त तुमच्या नावावर टिचकी मारली तर तुमचा फोटो मोठा दिसतो. ग्राइंडर चालू आहे, ठिणग्या उडताहेत, आणि उजव्या मनगटात चांगलं बोटभर जाड कडं आहे. मी काही बोललो होतो का?