सोनं किती ते नंतर, शेअर किती ते आधी

"या खनिज शोधणाऱ्या छोट्या कंपन्या खाणी काढत नाहीत, शेअर काढतात," आमचा सीए म्हणाला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

भूगर्भवाला उसळलाच. "अरे, अशा कंपनीकडे विकायला दुसरं असतं काय? धातू नाही, उत्पन्न नाही. ड्रिलिंगचा पैसा शेअर विकूनच उभा राहणार."

"मान्य. पण त्यातला जमिनीत किती गेला आणि पगार-प्रवास-प्रसिद्धीत किती, हे कोण बघतं? नवे शेअर सवलतीत द्यायचे, वर वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने आणखी शेअर घ्यायचा हक्क. भाव जरा चढला की वॉरंटवाले विकायला तयारच. शेअर भरमसाट झाले की दहा जुन्यांचा एक नवा करायचा, आणि पुन्हा तेच."

अण्णांनी ब्रे-एक्सचा विषय काढला. कॅनडाची कंपनी, इंडोनेशियातल्या बुसांगला सोनं सापडल्याचा दावा, आणि बाजारातलं मोल सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात. भूगर्भवाल्याने त्यातली मेख सांगितली. ड्रिलमधून निघालेली दगडाची कांडी सहसा उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी खोक्यात जपून ठेवतात. शंका आली की खोकं उघडायचं. बुसांगला बहुतेक कांडी अख्खीच भरडायला जायची, म्हणजे पडताळायला मागे काही उरतच नव्हतं. 1997 मध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकन खाण कंपनीने त्याच भोकांशेजारी स्वतः ड्रिलिंग केलं, तेव्हा सोनं नगण्य निघालं. नमुन्यांत ते बाहेरून मिसळलेलं होतं. लोकांची आयुष्यभराची बचत त्यात बुडाली, याचा मला आजही संताप येतो.

"म्हणून तर 2001 मध्ये कॅनडाने 43-101 हा नियम आणला," भूगर्भवाला म्हणाला. "आता तांत्रिक माहितीमागे जबाबदार तज्ज्ञाचं नाव लागतं. आणि कॅनडातलं व्हॉइझीज बे विसरू नका. 1993 मध्ये हिरे शोधताना निकेल सापडलं, 1996 मध्ये इन्को या बड्या निकेल कंपनीने ते चार अब्जांहून जास्त कॅनेडियन डॉलर मोजून घेतलं. छोट्यांनी शोधलंच नाही तर मोठ्या कंपन्या खोदणार काय?"

"अशी किती?" सीए.

"फार थोडी," त्याने सरळ कबूल केलं.

मला सीएचं बरंचसं पटतं. नियमाने थाप अडते, कंपनीच्या निवेदनाच्या मथळ्यातली सजावट अडत नाही. '30 मीटर, सरासरी 2 ग्रॅम सोनं प्रतिटन' हे वाचायला भारदस्त. आतल्या तक्त्यात बघावं तर 3 मीटरला 20 ग्रॅम, उरलेल्या 27 मीटरात शून्य. गणित बरोबर, पण खाण त्या 3 मीटरवर चालेल का, हा प्रश्न तसाच राहतो. तरी सगळ्यांना चोर म्हणणं मला मान्य नाही. प्रामाणिकपणे खोदूनही हाती काही न लागणं हा या धंद्याचा स्वभावच आहे.

"मग तू आधी काय बघतोस?" अण्णांनी सीएला विचारलं.

"पाच वर्षांपूर्वी शेअर किती होते आणि आज किती. नंतर ड्रिलिंगवरचा खर्च."

"आणि मी तक्त्यातली खरी जाडी," भूगर्भवाला म्हणाला. "भोक तिरकं गेलं की पातळ थरही जाड दिसतो."