खुलासा : एलएसडी म्हणजे लॉकर नव्हे

ठाण्यातल्या जीप-थारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'एलएसडी आणि लॉकर एकच. लॉकर महाग, एलएसडी बसवा, आयुष्यभर बघायला नको.' दोन्ही गोष्टी चूक आहेत. एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल. तो आणि लॉकर दोन्ही डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना इंजिनची ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये, बसतात.

लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. एक हवेत लोंबकळलं तरी दुसरं ओढतं. एलएसडी पकड असलेल्या चाकाकडे ताकद फक्त काही प्रमाणात वळवतो. त्यातही दोन जाती. क्लचवाल्यात घर्षणाच्या चकत्या असतात. त्या झिजतातच, आणि त्यांना फ्रिक्शन मॉडिफायर (चकत्यांचं घर्षण सौम्य करणारं द्रव्य) असलेलं ऑइल लागतं. साधं गिअर ऑइल ओतलं की वळणावर कटकट आवाज सुरू. गिअरवाल्यात, म्हणजे टॉर्सेनसारख्यात, चकत्या नसल्यामुळे तो खूप टिकतो. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की जवळपास हात टेकतो. तेव्हा हलका ब्रेक दाबून बघावा, बऱ्याचदा गाडी निघते.

फोर्स गुरखामध्ये पुढे-मागे हाताने लावायचे लॉक, म्हणजे लॉकरच, कंपनीकडूनच येतात, त्यामुळे तिच्या मालकांनी हा मेसेज सोडूनच द्यावा. बाकीच्यांनी चिखल-दगडांसाठी लॉकर घ्यावा, रोज घोडबंदर रोडने ऑफिस गाठणाऱ्यांना गिअरवाला एलएसडी पुरे. लॉक लावून मात्र डांबरी रस्त्यावर वळू नका, ॲक्सलवर ताण येतो. (आणि सरावाला येऊर नको, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.)