रियाजाचा वेळ रीलला देऊ नका

आठवड्याला तीन रील टाका, महिन्याला एक गाणं सोडा, रोज एक स्टोरी ठेवा म्हणजे अल्गोरिदम तुम्हाला उचलून धरतो, हा सल्ला आता इतक्या जणांकडून ऐकलाय की नव्याने गाणी करणारी, लिहिणारी मुलं यालाच शिस्त समजायला लागलीत. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. जरा सविस्तर लिहिते, पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

मी नाशकात राहते, दिवसा अंबडच्या एका कंपनीत परचेसमध्ये नोकरी करते आणि गाणी लिहिते, त्यांना चाली लावते, स्वतः गाते, घरातल्या मागच्या खोलीत रेकॉर्ड करते. कथाही लिहिते, दिवाळी अंकांना पाठवते. पाठीशी कुठली म्युझिक कंपनी नाही, मॅनेजर नाही. आमच्यासारखे आता प्रत्येक शहरात सापडतील आणि ही फार चांगली गोष्ट आहे, पूर्वी स्टुडिओचा तासाचा दर ऐकूनच माणूस मागे फिरायचा, आता एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, लॅपटॉप आणि भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या एवढ्यावर डेमोच काय, रिलीज करण्यासारखं गाणं होतं. पंखा बंद करायचा, शेजारचा कुकर होईपर्यंत थांबायचं, घंटागाडी गेली की टेक घ्यायचा. साधनं आहेत. पण गाणं बनवणं आणि गाणं दाखवणं ही दोन्ही कामं आता एकाच माणसावर आलीत, आणि दाखवण्याचं काम लगेच काहीतरी हातात देतं, लाइक येतात, कोणीतरी हार्ट टाकतं, आणि बनवण्याचं काम महिनोन्महिने काहीच देत नाही. दिवसभर नोकरी करून थकून आलेला माणूस या दोनातलं कुठलं आधी उचलेल? ज्यातून लगेच बरं वाटतं ते. यात कोणाला दोष नाही देत मी, पण हे होतंय हे तर खरं ना.

आणि याचा गाण्यावर काय परिणाम होतोय तो मला दिसतोय. मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या परत परत येणाऱ्या ओळी, सगळ्यांकडे आहे, अंतरा, म्हणजे त्यापुढचं कडवं, कोणाकडेच नाही.

रील तीस-चाळीस सेकंदांची, त्यात मुखडा बरोबर बसतो. मुखडा सुचतो पण पटकन, बसमध्ये, आंघोळ करताना, एक ओळ आणि तिची चाल एकदमच येते, फोनमध्ये गुणगुणून ठेवली, संध्याकाळी गिटारवर वाजवून टाकली, लोकांना आवडली, 'फुल सॉंग कधी?' असं विचारणारे दहा जण आले. आणि फुल सॉंग कधीच येत नाही. माझ्या ओळखीत अशी मुलं आहेत, अतिशय गुणी, ज्यांच्याकडे ढिगाने मुखडे आहेत आणि पूर्ण झालेली गाणी बोटावर मोजण्याइतकी. कारण अंतरा सुचत नाही, तो करावा लागतो. मुखड्यात जे बोललो तेच परत बोलायचं नाही, पण त्याच्यापासून लांबही जायचं नाही, चाल वर न्यायची तर कुठल्या सुरावर उभं राहायचं, तिथून परत मुखड्यावर कसं यायचं, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) शब्द कुठला पडतो, तो जोडाक्षराचा असेल तर गाताना अडखळतो का, मीटरमध्ये दोन मात्रा जास्त होतायत मग कुठला शब्द काढायचा आणि तो काढल्यावर अर्थ राहतो का. डमी, म्हणजे तात्पुरते, शब्द घालून चाल पक्की करायची आणि मग ते डमी शब्दच इतके तोंडात बसतात की खरे शब्द खोटे वाटायला लागतात, ते तोंडातून काढायलाच आठवडा जातो. आणि दुसरा अंतरा तर आणखी अवघड, कारण जे सांगायचं होतं ते पहिल्यात सांगून झालेलं असतं. आता खरंच काही सांगायचंय का, हे तिथेच कळतं. या सगळ्यात दाखवण्यासारखं काहीही नसतं. वहीवर खोडाखोड असते नुसती.

कथेचंही तसंच. सुरुवातीचा परिच्छेद फेसबुकवर टाकला तर छान प्रतिसाद येतो, पण कथा मध्यावर आली की रोज बसून ढकलावी लागते आणि तिथे वाचणारं कोणी नसतं. दिवाळी अंकाचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालूय, आणि संपादकाला कथेची सुरुवात पाठवून चालत नाही. पावसाळ्यात, ठरलेल्या तारखेला, शेवटासकट कथा द्यावी लागते. माझ्यासारखीला दिवाळी अंकांनी किती कथा पूर्ण करायला लावल्या असतील.

रियाज करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पहाटे मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सा लावून खर्ज भरत बसायचं, अर्धा-पाऊण तास एकाच सुरावर, मग पलटे (सुरांचे उलटसुलट क्रम), मग एखाद्या रागाची तीच आलापी. याची रील केली तर तीन सेकंदांवर कोणी थांबणार नाही आणि थांबायची गरजही नाही, ते गळ्यासाठी आणि कानासाठी असतं. फोन समोर उभा केला की पाचव्या मिनिटाला आपण नकळत खर्ज सोडून मुरकी (सुरांची झटपट नक्षी) घ्यायला लागतो, कारण बघणारं कोणीतरी आहे. म्हणून सकाळच्या त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. तानपुऱ्यासाठी सुद्धा फोन नको, जुनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आहे ती लावते.

आता माणसांबद्दल बोलते, कारण मला बळ अशाच माणसांकडून मिळतं.

आमच्याच जिल्ह्यातले लोकशाहीर वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. शाळा नाही, अक्षरओळख मोठेपणी झाली, मुंबईत मिळेल ती मोलमजुरी केली. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं आणि मग २००४ मध्ये जाईपर्यंत गाणं सोडलं नाही. लिहायचे स्वतः, चाल स्वतःची, गायचे स्वतः, आणि गावोगाव जाऊन, वस्तीवस्तीत उभं राहून बाबासाहेबांचा विचार पोहोचवायचे. इंडिपेंडंट म्युझिशियन हा शब्द आज आपण मिरवतो, तर तो ज्यांना खऱ्या अर्थाने लागू होतो ते हे. हजारो गाणी आहेत त्यांची. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा, म्हणजे गाणं कुठेही गेलं, कोणीही गायलं तरी ते कोणाचं हे गाण्यातच लिहिलेलं. आजही १४ एप्रिलला कुठल्याही वस्तीत जा, त्यांची गाणी ऐकू येतील. आणि लक्षात घ्या, ती पूर्ण गाणी आहेत, कडव्यामागून कडवं, विचार पुढे नेणारी. रात्र रात्र जागून ऐकणाऱ्या माणसांसमोर मुखड्यावर भागत नव्हतं.

दुसरे कवी अरुण कोलटकर. त्यांच्याबद्दल लिहिताना नेहमी कॉफीहाऊस, काळा घोडा, फोन नाही, असं सगळं रंगवून सांगतात, पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जाहिरात क्षेत्रात ते नावाजलेले आर्टिस्ट होते, पोट त्यावर होतं. पखवाज शिकले, गाणी लिहून रेकॉर्ड करून पाहिली. १९७६ ला 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह आला, पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं, त्याच १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह आला. आणि त्यानंतर पुढचा मराठी संग्रह यायला २००३ उजाडलं. चिरीमिरी, भिजकी वही, मग द्रोण, आणि इंग्रजीतली दोन पुस्तकं, सगळी वर्ष-दीड वर्षात एकापाठोपाठ आली, २००४ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. म्हणजे मधली पंचवीस-एक वर्षं माणूस लिहीत होता, खोडत होता, परत लिहीत होता. आजच्या भाषेत त्यांना 'इनॅक्टिव्ह' म्हटलं असतं. पुस्तकं काढली ती अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने, म्हणजे मोठा प्रकाशक नव्हेच, मित्रांमित्रांनी निगुतीने केलेलं काम. 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा ते नव्हते. हे वाचून मला वाईट वाटत नाही, उलट धीर येतो की मधल्या त्या वर्षांत काम चालू होतं.

नोकरीबद्दल म्हणूनच बोलायचंय. 'खरंच पॅशन असेल तर नोकरी सोड आणि फुल टाइम हो' हे वाक्य मी खूप ऐकते आणि मला ते बेजबाबदार वाटतं. ज्याला भाडं भरायचंय, आईबाबांची औषधं आणायचीत, त्याने नोकरी ठेवली म्हणून त्याची निष्ठा कमी होत नाही. माझ्या पगारामुळे मला न पटणाऱ्या चालीला नाही म्हणता येतं, लग्नाच्या संगीताला दुसऱ्याची गाणी गायला जायची वेळ येत नाही (जे जातात त्यांच्याबद्दल आदरच आहे, तेही कष्टाचं काम आहे). वेळ कमी मिळतो हे खरं. पण कमी वेळ ठरलेला असला की पुरतो. रविवारची सगळी दुपार मोकळी आहे म्हणून गाणं होत नाही, सकाळी कामावर जायच्या आधीचा तास रोज आहे म्हणून होतं.

आणि गळा बसला, तब्येत बिघडली, घरात कोणी आजारी पडलं तर? तर ऐकायचं. शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांना क्षयरोग झाला, ते १९४८ मध्ये देवासला राहायला गेले, पुढची काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. त्या आजारपणात माळव्यातली लोकगीतं त्यांनी ऐकली, साठवली, आणि उठल्यावर जे गाणं केलं त्यात ती उतरली, धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांमधून घडवलेले राग, त्यातूनच आले. आपल्याला एवढं मोठं काही जमणार नाही, पण पंधरा दिवस गाता आलं नाही म्हणून सगळं संपलं असं वाटून घेऊ नये. जुने व्हॉइस मेमो ऐका त्या दिवसांत. मी महिन्यातून एक संध्याकाळ तेवढंच करते, अर्धवट चाली ऐकायच्या, ज्या परत ऐकाव्याशा वाटतात त्यांना नाव द्यायचं, वहीत उतरवायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या.

कोणी म्हणेल, प्रमोशन नाही केलं तर ऐकणार कोण. बरोबर आहे, मीही रील करते. पण पूर्ण झालेल्या गाण्याची करते, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ त्याला, बाकी दिवस नाही. कारण पैशाचा हिशोब तरी बघा. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याचे मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉच टाइम लागतो (किंवा त्या तासांऐवजी शॉर्ट्सचे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). छोट्या गावातल्या मराठी गायकाने हे आकडे गाठण्यासाठी स्वतःला पिळून काढायचं आणि हातात महिन्याला रिक्षाभाडं, यापेक्षा दोन वर्षांत सहा चांगली, पूर्ण गाणी करावीत असं माझं ठाम मत आहे. सहा गाणी असली की तासाभराचा कार्यक्रम होतो, लायब्ररीत, कॉलेजात, सोसायटीच्या गणपतीत, आणि तिथे समोर बसून ऐकलेला माणूस तुमचं नाव विसरत नाही.

आणि कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सगळे टाळतात, पण तोही शिस्तीतच येतो. आपण लिहिलेल्या गाण्याचा कॉपीराइट लिहिल्याक्षणी आपला असतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण कधी लिहिलं याचा पुरावा जपून ठेवा, तारखेसकट. डिस्ट्रिब्युटर (आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) १२ अक्षरी आयएसआरसी हा ओळख-कोड देतो तो रेकॉर्डिंगचा असतो, शब्द आणि चाल वेगळी, त्यासाठी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, नुसतं सभासद होऊन भागत नाही. २०१२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. तरी 'सर्व हक्क कायमचे आमचे' असे कागद अजून समोर येतात, सही करण्याआधी कोणा जाणत्याला दाखवा. वामनदादांनी नाव गाण्यातच ओवलं होतं, आपल्याला ते फॉर्ममध्येही लिहावं लागेल एवढंच.

त्याच ओघात अजून एक. ज्याला तबला वाजवायला बोलावलं, ज्याने मिक्सिंग केलं, त्याचे पैसे आधी ठरवा आणि काम झालं त्याच दिवशी द्या, कमी असतील तर आधी सांगा. 'गाणं चाललं की बघू' असं म्हणू नका. क्रेडिटमध्ये त्याचं नाव नीट, पूर्ण, बरोबर स्पेलिंगने टाका. तोही सकाळी तबल्याचे कायदे-रेले (रियाजाच्या रचना) घोटून मग कामावर जाणारा कोणीतरी आहे.