सावरीची गादी, मोहरीची उशी आणि तो फॉरवर्ड

भावाला मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन धडकला. तुमच्याकडेही फिरून गेला असणार. वर मथळा 'आपल्या आज्यांचं शास्त्र', खाली उपदेश: बाळाचं अंग कोवळं, म्हणून त्याला सावरीच्या मऊ गादीवरच झोपवा. पाठीवर झोपवलं तर दूध घशात अडकतं, म्हणून पालथं नाहीतर कुशीवर निजवा. डोकं गोल व्हायला मोहरीची उशी द्या. ऐपत असेल तर मेमरी फोमची 'ऑर्थोपेडिक' गादी घ्या, कण्याला आधार मिळतो. गादीला ऊन दाखवत जा.

मी आत्या. बाळाचं नाव ठेवायचा मान माझा, तर या फॉरवर्डला नावं ठेवायचा हक्कही माझाच.

आधी मऊपणाचं बघू, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. मऊ गादी आपल्याला लागते, कारण साठ-सत्तर किलोंच्या देहाचे खांदे आणि माकडहाड कडक फळीवर रुततात. तीन किलोंच्या जिवाचं काय रुतणार? उलट मऊ गादीत त्याचंच तोंड रुतायची भीती. मान वळली, नाक त्या खळग्यात गेलं, की सोडलेला श्वास तिथेच साठतो आणि बाळ तीच हवा पुन्हा आत घेत राहतं. प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. मोठा माणूस झोपेतही कूस बदलतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मान उचलून सुटका करून घेता येत नाही. आणि यात आवाज होत नाही. शेजारी झोपलेल्या आईला कळतही नाही.

वहिनीच्या आईने मोठ्या हौसेने सावरीची गादी करून आणली होती. फुलांचं छापील कापड, कापूस कसा फुललेला. मी तिच्यावर तळहात दाबला आणि उचलला. तुपात उमटावीत तशी पाचही बोटं तिथेच राहिली. मग चटईवर चौपदरी गोधडी घालून तसाच हात दाबला, ठसा उमटलाच नाही. दुकानात जाल तेव्हा हेच करा. हात उचलल्यावर खळगा राहत असेल, तर ती गादी बाळाची नाही. आणि आज्यांचं शास्त्र म्हणाल, तर आमच्या आजीने चार पोरं चटईवरच्या गोधडीवर वाढवली. सावरीची गादी माळ्यावर असायची, पाहुण्यांसाठी.

दूध घशात अडकण्याची भीती खोटी नाही, पण शरीराची रचना नेमकी उलटी आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालीच राहतं. श्वासनलिकेत शिरायला त्याला चढावं लागेल. पालथं घातलं की श्वासनलिका खाली येते, म्हणजे आपणच दुधाला वाट करून देतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, 1994 पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. कुशीचा मधला मार्गही खरा मधला नाही. कुशीवरचं बाळ अलगद पालथं होतं. त्यामुळे रात्र असो की दुपारची डुलकी, निजवायचं पाठीवर. स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागल्यावर मात्र रात्रभर जागून त्याला उलटंपालटं करत बसायची गरज नाही. तुमच्या डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

मोहरीच्या उशीबद्दल बोललं की घरात भांडणं होतात, तरी बोलते. डोकं एका बाजूने चपटं होतं ते सतत एकाच कुशीला मान पडल्याने. त्यावर उपाय उशी नव्हे. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पोटावर खेळवायचं. उजेडाकडे किंवा दाराकडे बघायची त्याला सवय असते, म्हणून पाळण्यात डोक्याची दिशा अधूनमधून बदलायची. मान कायम एकीकडेच वळत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. उशीने हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. शिवण उसवली तर मोहरी थेट तोंडात. वर्षाच्या आत उशी नको, मोहरीची नको आणि दुकानातली गोंडस खड्ड्याचीही नको.

मेमरी फोमचं फार सांगायला नको. अंगाच्या उबेने मऊ होऊन अंगाचा आकार घ्यायचा, हेच त्याचं काम, आणि बाळाला नेमकं तेच नको असतं. राहिला कण्याचा आधार. जन्मतः कण्याला इंग्रजी C सारखा एकच बाक असतो. मानेचा बाक मान धरताना येतो, कमरेचा उभं राहता-चालताना. गादी तो घडवत नाही.

ऊन दाखवायचं तेवढं फॉरवर्डने बरोबर सांगितलंय. पण जे खरं सांगायला हवं होतं ते राहिलंच. गादी आणि पाळण्याची कड यांत दोन बोटं जातील एवढीही फट नको. पलंग आणि भिंत यांच्यामधली फट तर त्याहून वाईट. मेणकापड सुटं नको, चादरीखाली ताणून बसवलेलं हवं. भोवतीचे लोड, दुलया, मऊ खेळणी झोपेच्या वेळी बाहेर. आणि थकून-भागून बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागू द्यायचा नाही. मऊ गादीपेक्षाही ते घातक.

वहिनीच्या आईला थोडं लागलं, नाही असं नाही. मग मीच सुचवलं, आणि त्या हसल्या. आता सपाट तळाच्या लाकडी पाळण्यात पातळ, घट्ट गादीवर भाची उताणी झोपते, आणि शेजारच्या पलंगावर सावरीची गादी बाळंतिणीच्या पाठीखाली आहे. मोहरी मी उसवून डब्यात भरली. अजून फोडणीला पुरतेय.